आठ बाय दहाची गाणी

सीमाच्या हळदीत माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे झालेले होते आणि मी तिच्या नाकाला हळद फासायच्या बेतात होते, तेवढ्यात मला ते ऐकू आलं. वर अहिराणी गाणं दणक्यात वाजत होतं, लोणखेड्यातली सगळी तरुण मंडळी मांडवात नाचत होती, आणि त्या गाण्याच्या पोटात, अगदी खाली, दुसराच एक बेस चालला होता. जरा पुढे यायचा, थांबल्यासारखं करायचा, पुन्हा पुढे यायचा... कडवं संपेपर्यंत टिकला आणि गायब झाला.

मी हळदीची वाटी सीमाच्या मांडीवर ठेवून उठले. सीमा माझी चुलतबहीण. तिला वाटलं मला चक्कर आली. मला काही झालं नव्हतं. फक्त तो बेस 'दुसरी पाळी'चा होता, आणि 'दुसरी पाळी' हे गाणं अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात माझ्याशिवाय कुणी ऐकत असेल यावर माझा विश्वास नव्हता.

'आठ बाय दहा' हे सुरतेतलं एक छोटंसं लेबल. यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या गाळ्यावरच्या खोलीत दोन मित्र ते चालवतात. खोली तेवढीच, म्हणून नावही तेच. डोक्यावर मोठ्या कंपनीचा हात नाही, कुठे जाहिरात नाही. वर्षाकाठी मोजकी गाणी काढतात आणि तीही हाऊसची. मी सुरतेत फार्मसी शिकायला होते तेव्हा हॉस्टेलमधल्या मैत्रिणीनं एकदा ऐकवलं, आणि मी तिथेच फसले. हाऊस म्हणजे काय, हे घरी सांगून सांगून मी दमले आहे. बोल जवळजवळ नसतातच. सारख्या अंतरानं पडणारा एक ठोका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. विहिरीवरची मोटार चालू असली की घर कसं निर्धास्त असतं, तसा तो ठोका. मग त्याच्यावर एकेक गोष्ट येते, सावकाश, कुणालाही घाई नसल्यासारखी. ती येते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो आणि आई विचारते, थंडी वाजते का?

तर मी पिवळे हात अंगापासून लांब धरून डीजेच्या टेबलामागे गेले. तिथे एक उंच, सडपातळ मुलगा उभा होता. एका कानावर हेडफोन, अंगात करड्या रंगाचा स्वेटर.

"आत्ता खाली 'दुसरी पाळी' वाजलं," मी म्हणाले.

त्यानं हेडफोन बाजूला केला. "काय म्हणालात?"

"'दुसरी पाळी.' आठ बाय दहाचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. वरचं गाणं संपत आलं होतं, पुढचं लावायला हवं होतं, आणि त्याचा हात नुसता हवेत. गाणं संपलं. मांडवात एकदम शांतता... मग पोरांनी आरडाओरडा सुरू केला. खानदेशात भर हळदीत डीजेनं गाणं संपू देणं यासारखा दुसरा गुन्हा नाही. त्यानं न बघताच काहीतरी लावून दिलं.

"दोन सीझन झाले," तो म्हणाला, "प्रत्येक हळदीत थोडं थोडं खालून लावतो. मोठ्या स्पीकरवर ते कसं वाजतं ते ऐकायचं असतं मला. आजपर्यंत कुणालाच..."

"मला कळलं."

"योगायोगानं कळलं असेल."

असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. "लावून बघा मग पुढचं," मी म्हणाले आणि बायकांत जाऊन बसले.

त्यानं 'ओले कपडे'मधली झांज लपवली, मी पिवळा हात वर केला. त्यानं 'शटर अर्धं'मधल्या टाळ्या पोरांच्या टाळ्यांत मिसळल्या — मी हात वर केला. काकूला वाटलं मला पाणी हवंय, तिनं दोनदा आणून दिलं. मग एकदा बराच वेळ काहीच सापडेना. मी डोळे मिटून ऐकत होते, कान देऊन, श्वाससुद्धा हळू घेत. काहीच नव्हतं. चिडून मान वर केली, तर तो काही लपवायचं विसरून नुसता माझ्याकडे बघत होता. मी हात वर केला नाही, पण खालीही बघितलं नाही.

तेवढ्यात नाना, म्हणजे माझे वडील, टेबलापाशी गेले आणि त्यांनी त्याला आवाज कमी करायला फर्मावलं. डीजेवाल्यांबद्दल नानांचं मत पक्कं आहे: घरच्यांनी हात टेकले की पोरगा डीजेवाला होतो. त्यानं मान हलवून निमूटपणे आवाज कमी केला. त्याचं नाव धीरज आणि शहाद्यात त्याचं टेप-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, एवढी माहिती मी त्याच संध्याकाळी काढली.

दुकानात जायला कारण हवं होतं. ते अंगणातच उभं होतं. आमच्या भागात ट्रॅक्टरला टेप नसेल तर तो ट्रॅक्टर लोकांना लंगडा वाटतो. नानांच्या ट्रॅक्टरवरही चार स्पीकर आहेत आणि त्यांचा डेक त्या दिवसांत घरघरत होता. मी तो दुरुस्तीला नेते म्हटल्यावर नाना खूष झाले. पोरगी लोणखेड्याच्या कॉलेजात लॅब सांभाळून घरचंही बघते, असं त्यांनी शेजारी सांगितलं. डेक नीट होऊन आला. आठवड्यानं पुन्हा बिघडला. तो पुन्हा कसा बिघडला, ते मी सांगणार नाही.

धीरजच्या दुकानात काउंटरच्या मागे त्यानं स्वतः जुळवलेले दोन स्पीकर होते आणि त्यांच्यासमोर नेमकी एक खुर्ची. तिच्यात बसलं की आवाज बरोबर कपाळाच्या मध्यावर येतो, असं त्याचं म्हणणं. मला बसवून तो उभा राहायचा, हातात सोल्डरिंगची सळई घेऊन. गिऱ्हाईक आलं की आवाज बारीक करायचा, गेलं की पुन्हा मोठा. आणि आम्ही भांडायचो. आठ बाय दहाचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं, यावर आम्ही इतकं भांडलो की शेजारचा टेलर एकदा मधे पडायला आला.

त्याचं म्हणणं 'दुसरी पाळी'. कारखान्यात पाळी बदलते तेव्हा लूम थोडा वेळ थांबतात आणि एकेक करून सुरू होतात. गाणं अगदी तसं भरत जातं. यात जास्तीचा आवाज एकसुद्धा नाही, काढून टाकायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही, असं तो म्हणायचा आणि बोलता बोलता त्याचा चेहरा इतका खुलायचा की माझं गाण्याकडचं लक्ष उडायचं.

मी 'तापीवर पूल'ची. सुरुवातीला किती वेळ नुसता ठोका. मग शेजारच्या घरातून यावेत तसे दबके सूर, हळूहळू उघडत जाणारे. आणि मध्यावर सगळं थांबतं. फक्त पाण्याचा आवाज. आता ठोका येईल, आता येईल म्हणून आपण ताटकळतो, आणि तो येतो तेव्हा वाटतं, आपण पलीकडच्या काठाला लागलो. इथे प्रकाशा गावापाशी आमच्या डोळ्यांदेखत जाते तीच तापी पुढे सुरतेला जाते. त्या दोघांनी ती तिथे बसून ऐकली आणि मी इथे. एवढ्याशा खोलीत बसून माणसं एवढी मोठी नदी कशी काय पकडतात, मला कळत नाही. हे मी धीरजला बोलून दाखवलं. त्यानं गाणं परत पहिल्यापासून लावलं.

तोवर आम्ही दोघं सरकारी कचेरीत बोलतात तसं मराठी बोलत होतो, तुम्ही-आम्ही करत. एकदा माझ्याकडे बघण्याच्या नादात त्याला सळईचा चटका बसला आणि तोंडातून घरची बोली बाहेर पडली. मला हसू आवरेना.

"मन्हा हात जळी गया, आनि तुले हसू यी ऱ्हायनं?"

"मंग काय रडू?"

"रड ना थोडंसं... बरं वाटी मले."

मी त्याचा हात धरून दुकानातल्या माठाच्या तोटीखाली नेला. बोट गार पडलं तरी मी सोडला नाही, आणि त्यानंही काढून घेतला नाही. त्या दिवसापासून आम्ही अहिराणीत भांडू लागलो.

मग तो निरोप आला. सीमाच्या हळदीतलं त्याचं वाजवणं त्यानं रेकॉर्ड करून सुरतेला पाठवलं होतं. त्या दोघांना ते फार आवडलं. आमच्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळायला ये, आमच्याबरोबर खोलीत बस, सोमवारी कळव, असं त्यांनी लिहिलं होतं. धीरजनं फोन माझ्यासमोर धरला. मी ते वाचलं. आठ बाय दहानं याला बोलावलंय... माझा ऊर भरून आला, आणि लगेच लक्षात आलं, म्हणजे हा आता जाणार.

"तुले काय वाटस?" त्यानं विचारलं.

"मनापासून अभिनंदन," मी म्हणाले. शुद्ध मराठीत. "चांगली संधी आहे. सोडू नका."

त्यानं मान खाली घातली आणि फोन खिशात ठेवला. मला हवं होतं की त्यानं एक वाक्य बोलावं. फक्त एक. नंदुरबारहून गाडीत बसलं की सुरत काही लांब नाही, पण काही न बोलता गेलेला माणूस कितीही जवळ गेला तरी तो गेलाच. आणि मी का बोलायचं आधी? चटका त्याला बसला होता, हात मी धरला होता. आता त्याची पाळी होती, असा माझा हिशेब होता.

शनिवारी तो कॉलेजच्या फाटकापाशी मोटरसायकल लावून उभा होता. त्यानं माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला.

"तुन्ही आवडनी गाणी शेत. क्रम मन्हा शे," तो म्हणाला. "एकलीच आयकजो. शेवटलगून."

एवढंच. मी वाट बघितली, तो हँडलवरची धूळ पुसत राहिला, मग गेला. माणूस चाललाय आणि देतोय काय, तर गाणी. ती तर माझ्याकडे आहेतच. मी घरी येऊन तो पेनड्राइव्ह फ्रिजवरच्या टोपलीत फेकला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले.

त्या टोपलीत फेकायला नको होता. आमच्या घरात पेनड्राइव्ह ही ट्रॅक्टरची वस्तू आहे. कुणीही आणो, कशासाठीही आणो, दिसला की तो ट्रॅक्टरला लागतो. सकाळी राग उतरल्यावर मी टोपली उपसली, तर त्यात रबरबँड आणि गोळ्यांची पाकिटं. आई म्हणाली, "तुझे नाना घेऊन गेले. नंबरात बसून कंटाळा येतो म्हणाले."

साखर कारखान्यावर ऊस उतरवायला वाहनांची रांग लागते, तिला आमच्याकडे नंबर म्हणतात. सकाळी लावलेला नंबर कधीकधी दुपार उलटली तरी येत नाही. नाना पहाटेच उसाची ट्रॉली घेऊन पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यावर गेले होते. मला तशी काळजी वाटली नाही. गाणीच तर होती. नाना एक ऐकतील आणि काढून टाकतील. मी त्यांचा डबा घेतला आणि स्कूटीवर निघाले.

मळीचा वास सुरू झाला आणि त्याबरोबर तो ठोका. लांबून, उसाच्या ट्रॉल्यांच्या आडून, सावकाश आणि ठाम. 'तापीवर पूल'. आमच्याच ट्रॅक्टरवरून, चारही स्पीकरमधून. मी स्कूटी बाभळीखाली लावली आणि रांगेच्या कडेनं चालत गेले.

आणि जे बघितलं त्यानं माझे पायच थबकले. कमलीबाई आणि तिचा नवरा खात्या दर हंगामात सातपुड्यातून आमच्याकडे ऊसतोडीला येतात. कमलीबाई आणि आणखी काही बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळीनं नाचत होत्या. पाऊल पुढे, पाऊल मागे, ठोक्यावर बरोब्बर. खात्या ट्रॉलीच्या फळीवर थाप देत होता. मागच्या ट्रॅक्टरवरचा भाईदास मान हलवत होता. आणि नाना, माझे नाना, सीटवर बसून मडगार्डवर बोटं वाजवत होते. मग मध्यावर सगळं थांबलं. फक्त पाण्याचा आवाज. बायकांची पावलं अधांतरी राहिली, त्या एकमेकींकडे बघून हसल्या, थांबल्या, कुणीही हललं नाही... आणि ठोका आला तेव्हा सगळ्या ओळीनं एकत्र पाऊल टाकलं. ते गाणं मी किती वेळा ऐकलं असेल. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं. माझे डोळे भरून आले, आणि त्या खोलीतल्या दोघांनी आत्ता इथे असायला हवं होतं असं फार वाटलं.

गाणं संपलं. ठोका चालूच राहिला आणि त्याच्यावर धीरजचा आवाज आला.

"हेमांगी... मी बोली ऱ्हायनू. तोंडवर बोलता येत नही, म्हनीसन आठे."

मी पळत सुटले. ट्रॅक्टर अजून तीन ट्रॉल्या पुढे होता.

"मी लपाडी लपाडीसन गाणं वाजाडं, कोन्हाले समजनं नही. तुले समजनं. त्यान्हा पहिले मले वाटे, मी येडाच शे. सुरतले मी जासू. तू नको सांगशी तरी जासू, नहीतर तूच मले येडा म्हनशी. पन तुले न सांगता जावाले पाय उचलत नही. मले तू आवडस. तू फक्त परत ये म्हन... इतलंच."

नाना बटण शोधत होते. एक दाबलं तर आवाज वाढला. 'इतलंच' सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं. शेवटी त्यांनी पेनड्राइव्ह उपटून काढला, आणि नंबरात इतकी शांतता झाली की रांगेतल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला.

"गिरधर भाऊ," मागून भाईदासनं विचारलं, "कोन्हा पोऱ्या शे हाऊ?"

"मन्हा तर नही," नाना म्हणाले.

सगळा नंबर हसला. कमलीबाई तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती. मी डबा नानांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उघडला, भाकरी मोडली, खाल्ली. वर बघितलं नाही. मी एवढी हट्टी, एवढी तोंडाळ, पण नाना 'नाही' म्हणाले तर मी काय करणार होते, ते मलाच माहीत नव्हतं. तिकडे सोमवार दुसऱ्या दिवसावर आला होता.

"तू काय सांगं त्याले?" भाकरी संपवून नानांनी विचारलं.

"काहीच नही सांगं, नाना."

"आनि तुन्हा मनमा काय शे?"

खोटं बोलायला तिथे जागाच नव्हती. "मले तो आवडस," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

नानांनी हात धुतले, रुमालानं पुसले. "मंग सांग त्याले. तो डीजेवाला पोऱ्या तठे वाट देखी ऱ्हायना व्हई."

मी तिथेच, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"आयकं का?" त्यानं विचारलं.

"आयकं. मी एकलीनी नही. पुऱ्या नंबरनी आयकं."

मग अगदी हळू, "नानांनी बी?"

"त्यासनीच लावं व्हतं."

"मंग... मी आजच जाऊ का सुरतले?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. एवढे दिवस जे वाक्य त्यानं बोलावं म्हणून मी अडून बसले होते, ते आता माझ्याच तोंडातून निघायला निघालं होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. "उद्या त्यासले हो सांग," मी म्हणाले. "जाय. मन्हा आवडना लोकेसमा जाय. आनि परत ये. मले बी तू आवडस, धीरज. परत ये."

पुढे नंबर हलला. नानांनी ट्रॅक्टर चालू केला, पण गिअर टाकायच्या आधी माझ्यापुढे हात केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. मागे भाईदास हॉर्न वाजवत होता.

"आयक रे," नाना इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाले, "गाणं चांगलं शे. मधमा बोलाले नको जाऊ." मग माझ्याकडे बघितलं, उसाकडे बघितलं. "सुरतले जावाना आधी घर ये. जेवाले. पेनड्राइव्ह बिनड्राइव्ह नको आनू. तू ये."

त्यांनी फोन परत दिला आणि ट्रॅक्टर पुढे काढला. मी धुळीत उभी राहून फोन कानाला लावला.

"काय करू?" धीरजनं विचारलं.

"काय करू म्हंजे?" मी म्हणाले. "ये ना."